व्हेडर मास्टर की शिष्य? क्विझचा निकाल अडलाय, मदत करा

कर्वेनगरकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरकट वाटेल, पण आमच्या सोसायटीत त्यावरून दोन विंगा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आहेत, तेव्हा हसू नका.

गणपतीत एका संध्याकाळी आमच्याकडे प्रश्नमंजुषा असते. यंदा सिनेमाची फेरी तरुण मंडळींकडे दिली, कारण गेल्या वेळी सगळे प्रश्न प्रभातच्या काळातले निघाले आणि पंचविशीतली पोरं मधेच उठून भेळ खायला गेली. तर या फेरीतला शेवटचा प्रश्न असा होता: स्टार वॉर्समधल्या डार्थ व्हेडरचा सिथ पंथातला खरा दर्जा कोणता? पर्याय होते मास्टर, शिष्य, इन्क्विझिटर आणि यांपैकी नाही. (चित्रपट न पाहिलेल्यांसाठी: व्हेडर त्यातला खलनायक, सिथ हा दुष्टांचा पंथ, जेडाय हे त्यांचे शत्रू, आणि इन्क्विझिटर म्हणजे जेडायांची शिकार करणारे.)

बी विंगने 'शिष्य' सांगितलं. डी विंगने 'मास्टर'. ए विंगच्या आजींनी माईक हातात घेऊन 'यांपैकी नाही' सांगितलं आणि वर म्हणाल्या, "ज्याला दोन्ही घरांनी ताटावर बसवलं नाही, त्याला कसला आलाय दर्जा!" टाळ्या त्यांनाच मिळाल्या.

कार्डावरचं उत्तर 'शिष्य' आहे. पण डी विंगचा कॅप्टन (वय चौदा, पुढे वकील होणार, लिहून ठेवा) लगेच मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात व्हेडर आणि म्हातारा जेडाय ओबी-वान समोरासमोर येतात. तेव्हा व्हेडर स्वतःच्या तोंडाने सांगतो की तुला सोडून गेलो तेव्हा मी शिकाऊ होतो, आता मी मास्टर आहे. पोरगा म्हणाला, "काकू, आरोपीचा कबुलीजबाब आहे. अजून काय पाहिजे?"

प्रश्न काढणारा मुलगा सुट्टी संपवून बंगळूरला परत गेलाय आणि फोन उचलत नाहीये. परीक्षक मी. फिरता चषक माझ्या कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवलाय. मला 'कार्डावर लिहिलंय म्हणून' असं सांगायचं नाहीये, नीट कारण हवंय. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

खिडकीतून

जागा धरून बसलोय. बाकरवडी कोण आणतंय?

पेठेतला पॅडवान

डी विंगशी सहमत. त्या पोराला माझ्याकडून एक स्पेशल चहा.

ते वाक्य तर आहेच. शिवाय त्याला सगळे 'लॉर्ड व्हेडर' म्हणतात. चित्रपटाच्याही आधी, १९७६ मध्ये जी कादंबरी छापून आली, तिच्यात तो 'डार्क लॉर्ड ऑफ द सिथ' आहे. कुठे 'शिकाऊ उमेदवार' असं लिहिलंय का? आणि त्याचे अधिकार बघा. १९८० च्या चित्रपटात अ‍ॅडमिरल ओझेलची चूक होते, तर हा दुसऱ्या खोलीत बसून पडद्यावरूनच त्याचा गळा आवळतो आणि शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टन पिएटला त्याच दमात अ‍ॅडमिरल करून टाकतो. इन्क्विझिटर मंडळी त्याच्या हाताखाली. एवढं सगळं असून त्याला शिष्य म्हणायचं, तर मग आमच्या ऑफिसात मॅनेजर कोणाला म्हणायचं?

आस्थापना शाखा (निवृत्त)

ताई, माझी सगळी नोकरी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत गेली. दुसऱ्यांच्या पदोन्नतीच्या फायली हलवण्यात केस पांढरे झाले. 'मी आता अमुक झालो' असं जो स्वतःच सांगत येतो, त्याचं सेवापुस्तक आधी मागवायचं, ही सवय काही सुटत नाही. हे चित्रपट नातवाने दाखवले. नातू आता क्रिकेटकडे वळला, मी मात्र यातच अडकलो.

व्हेडरचा घोळ एवढ्यासाठीच होतो की त्याची नोकरी तीन ठिकाणी झाली आणि लोक तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच पानावर लिहितात. जेडाय पंथ वेगळा (तिथे त्याचं नाव अनाकिन स्कायवॉकर होतं), सिथ पंथ वेगळा, साम्राज्याचं लष्कर वेगळं. पॅडवानसाहेब, तुमचा ओझेल आणि पिएटचा मुद्दा लष्कराचा आहे, पंथाचा नाही.

लष्कराचं पटकन उरकतो. १९७७ च्या चित्रपटात त्याला लष्करी हुद्दाच दिसत नाही. डेथ स्टार या साम्राज्याच्या अवकाशतळावरच्या त्या बैठकीत अ‍ॅडमिरल मॉटी त्याच्या जुनाट धर्मश्रद्धेची टिंगल करतो. व्हेडर दोन बोटं चिमटीत धरल्यासारखी करतो आणि मॉटीला श्वास घेता येईना होतो. तेव्हा तिथला प्रमुख ग्रँड मॉफ टार्किन बसल्या जागेवरून म्हणतो, पुरे झालं, सोड त्याला. आणि व्हेडर 'जशी आपली इच्छा' म्हणून खरंच सोडतो. कैदेतली राजकन्या लेयाही टार्किनला तोंडावर सुनावते की व्हेडरची दोरी तुझ्याच हातात असणार, हे मला ठाऊक होतं. म्हणजे तिथे तो जवळजवळ प्रतिनियुक्तीवर आलेला माणूस. मूळ विभाग सम्राटाचा (हाच आधीचा चॅन्सेलर पॅल्पटीन, सिथ नाव सिडियस), हजेरी टार्किनच्या बुकात. टार्किन डेथ स्टारबरोबर गेला आणि मग १९८० मध्ये व्हेडर आरमारावर दिसतो. अधिकार भरपूर, पण सगळे सम्राटाच्या नावाने वापरलेले. लष्करात कुणाचा गळा आवळता येतो यावरून पंथातला दर्जा ठरत नाही.

आता सिथ. इथे नियम फार सोपा आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. एका वेळी दोघेच, एक मास्टर आणि एक शिष्य. १९९९ च्या चित्रपटात क्वाय-गॉन या जेडायाच्या अंत्यसंस्काराच्या वेळी जेडाय गुरू योडा हेच सांगतो, आणि दुसरा गुरू मेस विंडू विचारतो की मग मेला तो कोण, मास्टर की शिष्य? मेलेला वाटलेला सिथ, मॉल, शिष्य होता. डार्थ बेन या जुन्या सिथाने घालून दिलेला हा नियम. गंमत बघा, जुन्या तीन चित्रपटांत, म्हणजे १९७७, १९८० आणि १९८३ च्या, 'सिथ' हा शब्द कुणाच्या तोंडी येतच नाही. पडद्यावर तो पहिल्यांदा ऐकू येतो १९९९ मध्ये. त्यामुळे १९७७ च्या वाक्यावरून सिथ पंथातला हुद्दा काढणं म्हणजे नियम होण्याआधीच्या कागदावर नियमाचा शिक्का मारणं.

आणि त्या वाक्याचं म्हणाल तर समोर कोण आहे ते बघा. समोर त्याचा जुना गुरू आहे. 'तेव्हा मी तुझा विद्यार्थी होतो, आता तुझ्यापेक्षा वरचढ आहे', एवढाच त्याचा अर्थ. ओबी-वानही तिथल्या तिथे टोला देतो की मास्टर असशील तर फक्त दुष्टपणाचा. कबुलीजबाब कसला, ही तर स्वतःच स्वतःला दिलेली बढती. पुढच्याच चित्रपटात हाच माणूस सम्राटाच्या भल्यामोठ्या प्रतिमेपुढे गुडघा टेकून विचारतो की आज्ञा काय आहे, माझ्या मास्टर. डी विंगच्या वकीलसाहेबांना तेवढी चित्रफीतही मोबाइलवर उघडायला सांगा. एका साक्षीदाराची दोन विधानं असतील तर दोन्ही वाचायची.

'लॉर्ड' ही तर नुसती हाक आहे. सिडियस डूकूलाही 'लॉर्ड टायरेनस' म्हणतो, आणि डूकू व्हेडरच्या आधीचा शिष्यच होता. 'डार्थ'सुद्धा दोघांनाही लागतं. मॉलची ओळख करून देताना सिडियस एकाच वाक्यात 'माझा शिष्य' आणि 'डार्थ मॉल' दोन्ही म्हणतो.

मला खरा रस आहे तो पहिल्या नोकरीत. अनाकिन जेडाय होता तेव्हा नाईट, म्हणजे मास्टरच्या एक पायरी खाली, होता. २००५ च्या चित्रपटात चॅन्सेलर पॅल्पटीन त्याला आपला प्रतिनिधी म्हणून जेडाय परिषदेवर पाठवतो. परिषद त्याला खुर्ची देते, मास्टर हा दर्जा देत नाही. हा भर बैठकीत भडकतो, हा अन्याय आहे, पंथाच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही म्हणतो. विंडू शांतपणे सांगतो, बसा, तरुण स्कायवॉकर. हे दृश्य बघताना मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. अशी माणसं मी आमच्या शाखेच्या दारात खूप पाहिली आहेत. काम चोख, हुशारी साऱ्या कचेरीत पहिली, आणि एकदा यादीत नाव आलं नाही की पुढची दहा वर्षं त्यातच जळतात. परिषदेची बाजूही अगदीच लंगडी नाही. साधारण प्रथा अशी की हाताखालचा पॅडवान (शिकाऊ जेडाय) नाईट होईपर्यंत घडवला की गुरू मास्टर होतो. अनाकिनची शिष्या अहसोका मधेच पंथ सोडून गेली. पण खरं कारण ते नव्हतंच. नाव वरून, चॅन्सेलरकडून आलेलं होतं. वरून शिफारस आली की समितीतले लोक काय करतात ते मला विचारा. फाईल परत पाठवता येत नाही, मग खुर्ची देतात आणि हुद्दा अडवतात.

जाता जाता किडा: 'असं कधी झालेलं नाही' हे त्याचं म्हणणंही तितकंसं खरं नाही. जुन्या साहित्यात की-आदी-मुंडी हा नाईट असतानाच परिषदेवर बसलेला आहे. ते साहित्य २०१४ मध्ये अधिकृत कथेतून वगळून 'लेजेंड्स' या नावाखाली टाकलं गेलं, म्हणून त्याचा पुरावा ग्राह्य धरायचा की नाही, हे तुमच्या मंडळाने ठरवावं.

तेव्हा जेडायांत नाईट, सिथांत शिष्य, लष्करात सम्राटाचा माणूस. बी विंग बरोबर. ए विंगच्या आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सेवापुस्तक न बघता शेरा अचूक मारलाय.

खिडकीतून

काका, दंडवत. बाकरवडी तुम्हाला.

कर्वेनगरकरीण

काका, फार आभारी आहे. हे सगळं वाचून दाखवलं. डी विंगचा कॅप्टन दोन मिनिटं गप्प बसला आणि मग त्याने अपील केलं. त्याचं म्हणणं असं: शेवटी व्हेडर सम्राटाला उचलून खाली फेकतो. सिथांत मास्टरला मारलं की शिष्य मास्टर होतो. मग मरेपर्यंतची तेवढी मिनिटं तरी तो मास्टर होता की नाही? प्रश्नात 'कधीचा दर्जा' असं लिहिलेलं नव्हतं, हे त्याने दोनदा सांगितलं.

पेठेतला पॅडवान

हा पोरगा माझा गुरू! काका, आता बोला.

बेनचा नियम तुम्हीच सांगितलात. पॅल्पटीनने स्वतः अशीच खुर्ची घेतली. त्याचा मास्टर प्लेगस झोपेत असताना त्याच्याच शिष्याने त्याला मारलं, ही गोष्ट तो नाट्यगृहात बसून अनाकिनला किती गोडीने सांगतो. तिथे कुठली समिती नाही, आदेश नाही. जागा रिकामी करा आणि बसा. व्हेडरने जागा रिकामी केली. मास्टर झाला. अगदी पाच मिनिटांसाठी का होईना.

आस्थापना शाखा (निवृत्त)

अपील चांगलं आहे, मान्य. पोराला पुढे सांभाळून ठेवा.

जागा रिकामी करणं हे बरोबर, पण बसायचं असतं म्हणून. सिथ शिष्य मास्टरला मारतो ते त्याच्या जागी जाण्यासाठी, आणि त्याची तयारी आधीपासून चाललेली असते. दुसरा कुणी तरी हाताशी लागतो. म्हणून प्रत्येक शिष्य लपूनछपून आपला शिष्य शोधतो. मॉलने आपला भाऊ सॅव्हेज घेतला. सिडियस स्वतः मँडलोर ग्रहावर उतरला, सॅव्हेजला मारलं आणि मॉलला सांगितलं की तू आता माझा प्रतिस्पर्धी झाला आहेस. डूकूने व्हेंट्रेस ही शिष्या तयार केली, तर सिडियसने तिला संपवायचा हुकूम डूकूलाच दिला. आणि हाच डूकू २००२ च्या चित्रपटात कैदेतल्या ओबी-वानला म्हणतो, माझ्याबरोबर ये, आपण मिळून सिथांना नष्ट करू.

व्हेडरनेही असा अर्ज केलेलाच आहे, एकदा नाही, दोनदा. २००५ मध्ये, सिथ होऊन फार वेळ झालेला नाही तोवर, बायकोला, पद्मेला सांगतो की मी चॅन्सेलरपेक्षा बलवान आहे, त्याला उलथवून आपण दोघं राज्य करू. १९८० मध्ये मुलाचा, ल्यूकचा हात कापल्यावर त्यालाही तेच सांगतो: तू सम्राटाला संपवू शकतोस, चल, बाप-लेक मिळून आकाशगंगेवर राज्य करू. हे दोन अर्ज अस्सल सिथ पद्धतीचे. दोन्ही नामंजूर झाले, आणि तेही ज्यांच्याकडे केले त्यांनीच नामंजूर केले.

आता १९८३ चं शेवटचं दृश्य शांतपणे बघा आणि त्याच्या शेजारी २००५ मधलं डूकूच्या मृत्यूचं ठेवा. दोन्हीकडे पॅल्पटीन खुर्चीत बसलाय, एकीकडे बांधलेला, दुसरीकडे सिंहासनावर, आणि समोर दोघांची तलवारबाजी चाललीय. अनाकिन डूकूचे दोन्ही हात तोडतो. पॅल्पटीन म्हणतो, उडव. डूकू मान वळवून त्याच्याकडे बघतो. तोंडातून शब्द नाही, पण आपल्या जागी दुसरा निवडला गेलाय हे त्याला तेव्हाच कळलेलं असतं. १९८३ मध्ये ल्यूक व्हेडरचा हात तोडतो आणि सम्राट तीच ऑर्डर काढतो, बापाची जागा घे, माझ्या शेजारी उभा राहा. फरक एवढाच की यादीत नाव आलेला उमेदवार रुजू व्हायला नकार देतो. आपल्या यांत्रिक हाताकडे बघतो, तलवार फेकून देतो आणि म्हणतो, मी जेडाय आहे, माझ्या वडिलांसारखा.

इथे जी नोंद होते ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. परिषदेने न दिलेली, सम्राटाने न दिलेली. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीसाठी अडून राहिलेल्या माणसाबद्दल त्याच्या मुलाने न विचारता सांगून टाकलं की हा जेडाय. त्यानंतर व्हेडर सम्राटाला उचलतो ते मुलाला विजेचे झटके बसत होते म्हणून. खुर्चीकडे त्याचं लक्षही नव्हतं. सिथ नियमात हे बसत नाही. पॅडवानसाहेब, जागा रिकामी करणारा प्रत्येक जण त्या जागेचा उमेदवार नसतो.

शेवटी एंडॉर या चंद्रावर योडा आणि ओबी-वानच्या शेजारी व्हेडरची मृत्यूनंतरची आकृती उभी राहते, तीही जेडायाच्या झग्यात. आधी तिथे सेबॅस्टियन शॉ हा नट होता, २००४ च्या डीव्हीडीपासून हेडन क्रिस्टन्सन आहे. नातवाला हा बदल पसंत नाही, मला आहे. पण चेहरा कोणाचाही असो, झगा बदललेला नाही.

आणि एवढ्यानेही वकीलसाहेबांचं समाधान होत नसेल तर २०१९ चा चित्रपट दाखवा. सम्राट तिथे परत हजर होतो. म्हणजे जागा रिकामी झालीच नव्हती.

पेठेतला पॅडवान

२०१९ चा दाखला देणं म्हणजे पाठीत खंजीर आहे, काका. तो चित्रपट आम्ही मानत नाही.

आस्थापना शाखा (निवृत्त)

मानत नाही म्हणून नोंद खोडता येत नाही. मीही मानत नाही.

कर्वेनगरकरीण

निकाल: 'शिष्य' हेच उत्तर कायम. पूर्ण गुण बी विंगला, चषकही. आजींना नियमाने गुण देता येत नाहीत, पण काकांचा नमस्कार पोचवला. त्यांनी विचारलं, "नात्यातले आहेत का हे?" डी विंगला अपिलाबद्दल उत्तेजनार्थ म्हणून मी माझ्या खिशातून पुस्तकाचं कूपन दिलं. कॅप्टनने ते घेतलं आणि वर पावती मागितली.

पेठेतला पॅडवान

काका, शेवटचं. मग व्हेडरचा नातू कायलो रेन सिथ होता का नव्हता? आमच्या ग्रुपवर सकाळपासून हेच चाललंय.

आस्थापना शाखा (निवृत्त)

नव्हता. नाईट्स ऑफ रेनचा मास्टर होता, पुढे फर्स्ट ऑर्डरचा सर्वोच्च नेता झाला. सिथ पंथाच्या पटावर त्याचं नाव कधीच नव्हतं, त्याच्या गुरूचं, स्नोकचंही नाही. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे ताईंचा निकाल लागलाय आणि माझी पर्वतीला जायची वेळ झालीय.